पिवळा माका

निवृत्त झाल्यापासून नगरच्या सावेडीतल्या आमच्या सोसायटीत मी 'झाडांच्या बाई' झाले आहे. कुणाचा मोगरा फुलत नाही, कुणाच्या तुळशीला कीड लागते, की आमच्या दाराची बेल वाजते. मी सांगते, बाबांनो, मला झाडं वाढवता येत नाहीत. माझ्या गॅलरीतली शेवंतीसुद्धा जगली नाही. माझं काम झाडं ओळखण्याचं होतं, आणि कोणतं झाड कोणत्या झाडाचं भावकीतलं ते ठरवण्याचं. त्यावर समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे तुम्ही नेमकं करायचात काय?"

तेच आधी सांगते.

सूर्यफूल, शेवंती, झेंडू, करडई आणि आपल्या सगळ्यांच्या शिव्या खाणारं गाजरगवत, ही सगळी एका कुळातली मंडळी. झेंडूचं फूल म्हणून आपण दाराला बांधतो ते खरं तर एक फूल नसतं. दाटीवाटीने बसलेल्या शेकडो चिमुकल्या फुलांचा तो एक मेळावा असतो आणि त्याला खालून हिरव्या पाकळ्यांची टोपली असते. हे या कुळाचं मुख्य लक्षण. पण कुळ अवाढव्य आहे. त्यात चुलतघराणी आहेत, पोटघराणी आहेत आणि एकमेकांसारखी दिसणारी पण एकमेकांची कुणीच नसलेली अशीही पुष्कळ आहेत. दिसणं फसवं असतं. म्हणून आम्ही दिसण्यापलीकडच्या खुणा बघतो. बी कसं आहे, बीच्या डोक्यावर केस आहेत का, चिमुकल्या फुलातल्या स्त्रीकेसराचं टोक निमुळतं आहे की कापल्यासारखं सपाट. अलीकडे प्रयोगशाळेत रक्ताची तपासणी करावी तशी झाडांचीही करतात आणि त्यातून कुठली फांदी कुठल्या खोडाला केव्हा फुटली ते कळतं. मी मात्र बहुतेक आयुष्य भिंगाने आणि सुईने काढलं.

माझा मुलूख म्हणजे अकोले तालुक्याचा डोंगर. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड. नगरच्या पूर्वेच्या माणसाला सांगून खरं वाटत नाही की हा पाऊस, हे धुकं आपल्याच जिल्ह्यातलं आहे. तिथले कडे आणि सडे, म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारं, ही झाडांच्या दृष्टीने बेटंच. एका माथ्यावरचं झाड दुसऱ्या माथ्यावर सहजी जात नाही. ते एकटं पडतं आणि पिढ्यान् पिढ्या जराजरा बदलत राहतं. त्या माथ्यांवरची सोनकी आणि तिचे नातेवाईक हा माझा अभ्यास. भाद्रपदात सगळा डोंगर पिवळा करते ती सोनकी. तुम्ही तिच्यात उभं राहून फोटो काढले असतील.

कॉलेजातल्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाचं दार ठोठावणाऱ्यांतही नमुने असत. एक गृहस्थ दरवर्षी नवी संजीवनी घेऊन येत आणि ती दरवर्षी टाकळाच निघे. नेवाशाचे एक शिक्षक शेताच्या बांधावरची प्रत्येक पिवळी वनस्पती घेऊन यायचे आणि "ही तरी जगाला माहीत नसलेली आहे का?" असं विचारायचे. त्यांची निराशा करताना मलाच वाईट वाटे. चर्चमधल्या बायका मला म्हणत, "एवढी शिकलीस, आणि आयुष्यभर गवतच चिवडत बसलीस." मी हसून सोडून देत असे. मलाही आतून वाटायचं, की माझ्या कामाने कुणाचं काही भलं नाही झालं तरी वाईटही होत नाही. तेवढं समाधान पुरेसं होतं.

निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. डॉक्टर कुटे नावाचे एक तरुण डॉक्टर कॉलेजात आले. अकोल्याच्या डोंगराकडच्या भागात त्यांचा छोटा दवाखाना होता. आदल्या दिवशी त्यांनी मला मोबाईलवर एका चूर्णाचा फोटो पाठवून "हे काय आहे?" असं विचारलं होतं. फोटोत हिरवट पिठाचा एक छोटा ढीग दिसत होता. मी कळवलं, की फोटोवरून मी फार तर ते चहाची पूड नाही एवढं सांगू शकेन. म्हणून ते स्वतःच मोटारसायकलवर निघून आले. खुर्चीत टेकून त्यांनी खिशातून एक पुडी काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, उंबरदरा नावाची वाडी आहे. तिथल्या लोकांची पोटं फुगतायत."

"जंतांनी?"

"नाही. पोटात पाणी होतंय. यकृत बिघडलंय. दारू नाही, काही नाही. लहान मुलं आहेत त्यात. एक मुलगी गेली परवा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पावसाळ्यात त्या वाडीत काविळीची साथ आली होती. वाडीत ठकूबाई नावाची म्हातारी होती, सगळे तिला ठकाआजी म्हणत. झाडपाल्याचं औषध द्यायची, पैसे घ्यायची नाही. काविळीला ती माक्याचा रस सांगायची. माका ही ओढ्याच्या कडेला उगवणारी, पांढऱ्या बारीक फुलांची वनस्पती. केसांच्या तेलात घालतात तीच. काविळीवर ती पूर्वापार देतात आणि तिच्याने कुणाला अपाय झाल्याचं मी ऐकलेलं नाही. पण त्या वर्षी भातखाचरांच्या बांधांवर सगळ्यांनी तणनाशक मारलं होतं, माका औषधालाही उरला नव्हता. आठवडी बाजारात एक जण चूर्णाच्या पुड्या विकत होता. त्यावर छापलं होतं, 'पिवळा माका, काविळीवर रामबाण'. माक्याला पिवळ्या फुलांचाही एक भाऊबंद आहे, तोही औषधी आहे, हे आजीला माहीत होतं. ती म्हणाली, घ्या तोच. लोकांनी घेतला. कावीळ उतरली तरी ताकदीचं औषध म्हणून घेत राहिले, मुलांना दुधातून देत राहिले.

"आता वाडी म्हातारीवर उठलीय," डॉक्टर म्हणाले. "भगताने सांगितलं, तिने करणी केली. तिला पाणी भरू देत नाहीत. दारावर दगड मारले. मला वाटतं दोष या पुडीत आहे, पण वाटून काय उपयोग? वैद्यकाची पुस्तकं म्हणतात माका यकृताला चांगला."

मी म्हटलं, "बघते. उद्या सांगते."

डॉक्टर गेल्यावर मी चिमूटभर चूर्ण काचेवर पाण्यात भिजवलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पहिल्या नजरेत कुळ कळलं. या कुळाचे परागकण काटेरी चेंडूसारखे असतात, ते तिथे मुबलक होते. म्हणजे माका असू शकत होता. मी काच सरकवत राहिले. आणि मग केस दिसले. पांढरे, बारीक, रेशमासारखे, तुकड्या-तुकड्यांनी सगळीकडे पसरलेले.

रुईची म्हातारी हवेत उडते, तसे या कुळातल्या पुष्कळ वनस्पतींच्या बियांना डोक्यावर केसांचा झुबका असतो. माक्याच्या बीला तो नसतो. पांढऱ्या माक्याला नाही आणि पिवळ्यालाही नाही. या पुडीत दुसरंच काहीतरी होतं.

पण केसाळ बियांच्या वनस्पती ढीगभर आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा निरुपद्रवी. मी पुडी कागदावर ओतून भिंगाखाली एकेक कण वेगळा करत बसले. दळताना सुटलेलं एखादं आख्खं चिमुकलं फूल मिळालं तर हवं होतं. दुपार टळल्यावर मिळालं. ते उकलून स्त्रीकेसर बाहेर काढला. टोक कापल्यासारखं सपाट आणि त्या सपाट कडेला ब्रशसारखे केस. मी ते हजारो वेळा पाहिलं होतं. माझं उभं आयुष्य त्याच टोकाकडे बघण्यात गेलं होतं. खात्रीसाठी कपाटातून आमच्या संग्रहातली वाळवलेली सोनकी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं.

इथे भावकीचा प्रश्न येतो. झाडांच्या घराण्यात रूप जसं पिढ्यान् पिढ्या उतरतं तसं विषही उतरतं. सोनकीच्या घराण्यातल्या कितीतरी वनस्पतींत असं एक विष असतं, की ते रोज थोडंथोडं पोटात गेलं तर यकृतातल्या बारीक शिरा बुजत जातात. माणसाला बरेच दिवस काहीच जाणवत नाही. माका त्याच मोठ्या कुळातला, पण पार वेगळ्या शाखेतला. त्याच्याकडे ते विष नाही. दोघांची फाटाफूट माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीची. पण चूर्ण झालं की कुठली शाखा आणि कुठलं काय, सगळं हिरवट पीठ.

मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"नक्की?"

"वनस्पती नक्की. विषाचं प्रमाण प्रयोगशाळा सांगेल, मी पुण्याला नमुना पाठवतेय. पण अहवालाची वाट बघू नका. पुड्या थांबवा."

"उद्या मी नगरला गाडी घेऊन येतो. तुम्हीच चला आणि लोकांना सांगा. माझं ते ऐकत नाहीत, त्यांना वाटतं मी म्हातारीची बाजू घेतोय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मी सोबत सोनकीचा वाळवलेला नमुना घेतला, कागदावर चिकटवलेला. गाडीत माझ्या मनात एक प्रकारचा उत्साहच होता, हे लपवत नाही. एका निरपराध म्हातारीला सोडवायला मी चालले होते, आणि तेही माझ्या विद्येच्या जोरावर.

उंबरदऱ्यात शिरताना डॉक्टर म्हणाले, "आज जरा शांत वाटतंय." खरंच होतं. ठकाआजीच्या ओट्यावर चार बायका बसल्या होत्या. अंगणात पुरुष उभे होते, पण भांडणाचा सूर नव्हता. आजी मध्ये बसली होती. काटकुळी, कपाळावर गोंदण. आम्हाला पाहून ती उठली.

"या डागदर, बसा. ह्या कोन बाई?"

"नगरच्या आहेत. झाडपाल्यातलं कळतं त्यांना," डॉक्टर म्हणाले.

"लई चांगलं झालं. बाई, तुमीच सांगा ह्यास्नी. माका कधी कुनाला बाधतो का?"

"नाही आजी. माका बाधत नाही."

"ऐकलं का?" ती अंगणाकडे वळली. "मी काय म्हनत हुते? आन् बाई, मी नुसती बोलले न्हाई. मी खाऊन दावलं."

मला पहिल्यांदा अर्थ लागला नाही. डॉक्टरांना लागला असावा, कारण ते एकदम पुढे झाले. "काय खाल्लं आजी?"

"हेच की." तिने कनवटीची पुडी काढली. ती जवळजवळ रिकामी होती. "पुनम आजारी पडली तवापासून ही समदी म्हनत्यात, म्हातारीचा माका विखारी. म्या म्हनलं, विखारी हाय व्हय? मंग मीच खाते. सकाळी इथं बसून खाते, सांच्याला इथं बसून खाते. समद्यांच्या म्होरं. पुनमच्या घरातली पुडी संपली, मंग बाजारातनं आनली. बगा, काय झालंय का मला?"

अंगणातला एक जण खाली मान घालून म्हणाला, "आमी पन परत सुरू केलं बाई. म्हातारीला काय झालं न्हाई म्हनून."

पूनम म्हणजे परवा गेलेली ती मुलगी; तिच्या मरणाच्याही कितीतरी आधीपासून आजी खात होती. मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी आजीचा हात हातात घेतला होता आणि तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहत होते. बोलायचं मलाच होतं.

"आजी, खाली बसा," मी म्हटलं. "तुमचा माका चांगला आहे. पण या पुडीत माका नाही."

"न्हाई कसा? लिव्हलंय त्याच्यावर. पोरांनी वाचून दावलं मला."

"लिहिलंय ते खोटं आहे. मी तपासलंय. हे दुसरंच झाड आहे."

मग तिचा चेहरा उजळला, अक्षरशः उजळला. ती बायकांकडे वळून म्हणाली, "ऐकलं का गं? माझ्या माक्यानं न्हाई झालं. बाई नगरास्नं आल्या सांगाया. माझ्या माक्यानं न्हाई." एका बाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. आजीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग तिचा हात हातातल्या पुडीवर थांबला.

"बाई," ती म्हणाली, "मंग हे काय खाल्लं मी?"

आयुष्यभर वर्गात उभी राहून मी पोरांना उत्तरं दिली होती. तिथे मी पिशवीतून तो कागद काढला आणि ओट्यावर ठेवला. "हे," मी म्हटलं. "हे झाड आहे त्यात. हे पोटात गेलं की काळीज बिघडतं. आजपासून कुणीही घ्यायचं नाही. आजी, तुम्ही आत्ता डॉक्टरांबरोबर चला."

लोक कागदावर वाकले. त्या गर्दीतून एक तरुण बाई पुढे आली. कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. कुणीतरी हलक्या आवाजात मला म्हणालं, ही हिराबाई, पूनमची आई. तिने त्या वाळक्या फुलावर बोट ठेवलं.

"ही सोनकी हाय," ती म्हणाली.

"हो."

"ही आमीच कापली."

मी विचारलं, "कुठे?"

"वर, सड्यावर. गेल्या साली टेम्पोवाला आल्ता. म्हनला, औषधाच्या कारखान्याला पिवळी फुलं पायजेत, पोत्यावर पैशे देतो. समदी वाडी गेल्ती कापाया. मी बी गेल्ते. पुनम संगट हुती, तिनं बी तोडली." तिने माझ्याकडे पाहिलं. "तीच का ही, बाई? आमचीच?"

त्याच सड्यावरची की दुसऱ्या कुठल्या, हे मी शपथेवर सांगू शकत नव्हते. तसं म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिच्यापुढे मला शब्दांचा खेळ करता येईना. मी म्हटलं, "असेल, हिराबाई. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं."

ती रडली नाही. कागदावरचं बोट उचलून तिने ते पदराला पुसलं.

ठकाआजीला डॉक्टर त्याच गाडीतून घेऊन गेले. जाताना ती शांत होती, उलट तीच बायकांना सांगत होती, "माझ्या कोंबड्या बगा गं." पुढे तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. पुण्याचा अहवाल आला, मी म्हटलं होतं तेच त्यात होतं. दोन आठवड्यांनी तिच्या पोटात पाणी दिसू लागलं. मोठ्या दवाखान्याने फार काही करता येणार नाही असं सांगितलं, तेव्हा ती हट्टाने वाडीत परत आली.

चूर्ण करणाऱ्याचं काय झालं, असं लोक विचारतात. डॉक्टरांनी तक्रार केली, मी जबाब दिला. पुडीवर छापलेल्या पत्त्यावर कुणी नव्हतं. बाजारातला विक्रेता परत दिसला नाही. टेम्पोवाल्याचं नाव वाडीत कुणाला माहीत नव्हतं. कागद इकडून तिकडे गेले. एवढंच.

मी त्या हिवाळ्यात बऱ्याच वेळा उंबरदऱ्याला गेले. आजारी मुलांपैकी बरीच सावरली, पुड्या वेळेत थांबल्या म्हणून. एक मोठा मुलगा गेला. आजीकडे मी गेले की दर वेळी हिराबाई तिथे असायची. तिचं पोट चोळायची, तिला कूस बदलून द्यायची, भाताची पेज भरवायची. आजीच्या घरावर ज्यांनी दगड मारले त्यांत हिराबाई होती असं डॉक्टर मला म्हणाले होते. दोघी त्याबद्दल बोलताना मी ऐकलं नाही.

एकदा आजीने मला जवळ बसवलं. "बाई, तुमी बारीक बगता म्हनं. येवढं येवढं दिसतं तुमास्नी."

"हो आजी."

"मला वास तरी यायला पायजे हुता. हिरवा असता तर वळखला असता म्या. हातावर चोळला असता, तर काळा झाला न्हाई हे कळलं असतं." माक्याचं पान चुरडलं की हात काळा होतो, ती त्याबद्दल बोलत होती.

"पिठातून कुणालाच कळलं नसतं," मी म्हटलं.

"तुमास्नी कळलं की."

"मला भिंगातून कळलं. आणि तेही उशिरा."

मग म्हणाली, "पोरीला म्याच सांगितलं, घे म्हनून." होळीच्या सुमाराला ती गेली. वाडीत आता कुणी झाडपाल्याचं औषध देत नाही. ओढ्याला माका पुन्हा उगवला आहे, दाट, पण त्याला कुणी हात लावत नाही.

निवृत्त झाल्यावर पुढच्या भाद्रपदात मी पुन्हा तिकडे गेले. सडा पिवळाधमक होता. रस्त्यावर गाड्या उभ्या होत्या, पुण्या-मुंबईची पोरं-पोरी फुलांत बसून फोटो काढत होती. हिराबाई घरी नव्हती. शेजारणीने सांगितलं, खाचराच्या वर गेलीय. मी चढून गेले.

ती उकिडवी बसून सोनकी उपटत होती. मुळासकट. मागे उपटलेल्या रोपांची रांग सुकत पडली होती. पुढे नजर जाईल तिथवर पिवळंच पिवळं होतं.

मी तिच्याजवळ उभी राहून म्हटलं, "हिराबाई, हात लावल्याने काही होत नाही. नुसती उभी आहे तोवर ती कुणाचं वाईट करत नाही. आणि किती उपटाल?"

"म्हाईत हाय बाई," ती म्हणाली. मान वर केली नाही. पुढच्या रोपाला हात घातला.

मी सगळी नोकरी विद्यार्थ्यांना बजावत आले, की डोंगरावरचं एकही रोप कारणाशिवाय उपटायचं नाही. उपटलं तर वाळवायचं, चिकटवायचं, नाव घालून जपून ठेवायचं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलंही. मी पिशवी एका दगडावर ठेवली, तिच्या शेजारी बसले आणि उपटायला लागले.